शिकारी घटतील, हरणे घटणार नाहीत

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वर्षातून एकदा तरी शिकारीला जाणारी माणसे सुमारे १ कोटी ७० लाख होती. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ती १ कोटी १५ लाख भरली. या काळात देशाची लोकसंख्या मात्र २३ कोटींवरून ३२ कोटींवर गेली. २०२२ च्या पाहणीत १ कोटी ४४ लाख असा आकडा आला, पण तेव्हा मोजण्याची पद्धतच बदलली होती, त्यामुळे तो आधीच्या आकड्यांच्या रांगेत बसवता येत नाही. शिकाऱ्यांमधली सर्वांत मोठी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. गुडघे साथ देईनासे झाले की नोव्हेंबरच्या थंडीत पहाटे मचाणावर चढणे थांबते, आणि शहरात वाढलेली मुले-नातवंडे त्या मचाणाकडे वळत नाहीत. खासगी जमिनींवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या वाढल्या आहेत. ज्याच्या घरात कुणी शिकारी नाही, अशा मतदाराची संख्या दरवर्षी वाढते आहे.

शिकार ही नुसती हौस असती, तर ती आपोआप मावळली म्हणून कुणी हळहळायचे कारण नव्हते. पण अमेरिकेने गेल्या शंभर वर्षांत राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा खर्च शिकाऱ्याच्या खिशावर टाकला आणि हरणांची संख्या आवरण्याचे कामही त्याच्याच बंदुकीवर सोपवले. तो निघून गेल्यावर ही दोन कामे कोण करणार, हे ठरवल्याशिवाय त्याला निरोप देणे बेजबाबदारपणाचे आहे. शिकारीचा विरोध मला समजतो, त्यातला बराचसा पटतोही. विरोध करून पुढच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे मात्र पटत नाही.

आधी पैशाचा मार्ग पाहू. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पिस्तुलांवरचा १० टक्के कर आणि धनुष्यबाणाच्या साहित्यावरचा कर पुढे त्यात आला. ग्राहकाला तो वेगळा दिसत नाही, कारण तो उत्पादकाकडूनच वसूल होतो. बंदुका-काडतुसांच्या करातला मोठा हिस्सा राज्यांना वाटताना निम्मी रक्कम राज्याच्या क्षेत्रफळावर ठरते आणि निम्मी तिथल्या परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. ही रक्कम आगाऊ हातात पडत नाही. राज्याने आधी खर्च करायचा, मग त्यातले ७५ टक्क्यांपर्यंत केंद्राकडून परत मिळतात. उरलेले २५ टक्के राज्याने घालायचे, आणि ते बहुतेक ठिकाणी परवान्याच्या शुल्कातून येतात. म्हणून एक परवाना कमी विकला गेला की फटका तीन ठिकाणी बसतो. शुल्क बुडते, वाटपाच्या सूत्रातला वाटा घटतो, आणि स्वतःचा चौथा हिस्सा उभा करता आला नाही तर केंद्राचे तीन हिस्सेही हातचे जातात. दोन वर्षांत न वापरलेली रक्कम राज्याकडे राहत नाही, ती स्थलांतरित पक्ष्यांच्या निधीत वळवली जाते.

अलीकडे काही वर्षे हा निधी वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर गेला. शिकारी कमी होत असताना निधी वाढला, कारण बंदुका वाढल्या. आज विकल्या जाणाऱ्या बंदुकांपैकी बहुतेक शिकारीसाठी घेतलेल्या नसतात. स्वसंरक्षण, नेमबाजी, निवडणुकीनंतर कायदे कडक होतील ही भीती, २०२० सालची महामारी आणि अशांतता, अशा कारणांनी विक्री उसळते आणि पुन्हा बसते. गवताळ कुरणांची आणि पाणथळ जागांची निगा माणसांच्या एकमेकांविषयीच्या भीतीवर अवलंबून राहावी, हे मला अतिशय अस्वस्थ करते.

बदकांच्या शिकारीची व्यवस्था याहून सरळ आहे. १९३४ पासून १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला केंद्राचे एक तिकीट घ्यावे लागते. पहिले तिकीट १ डॉलरचे होते, आता ते २५ डॉलरचे आहे, आणि दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत किंवा भाडेपट्ट्याने घेण्यात जातात. आजवर ६० लाख एकरांहून अधिक जमीन यातून राखली गेली. १९७० च्या आसपास अशी २४ लाखांच्या घरात तिकिटे खपत, आता १५ लाखांच्या आसपास. दुर्बीण घेऊन त्याच पाणथळीवर जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकांची संख्या शिकाऱ्यांच्या कितीतरी पट आहे. त्यांना हे तिकीट ऐच्छिक आहे, आणि बहुतेक जण ते घेत नाहीत.

या व्यवस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. जो पैसे देतो त्याच्या आवडीचे प्राणी आधी सांभाळले जातात. हरीण, एल्क, रानटर्की, बदके सावरली. गोड्या पाण्यातले शिंपले, वटवाघळे, सॅलॅमँडरसारखे छोटे उभयचर मागे राहिले.

आता बंदुकीचे काम. पांढऱ्या शेपटीची हरणे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती ३ कोटींच्या आसपास आहेत. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा (मोठे रानमांजर) माणसाने कधीच संपवले. मादी दीड वर्षाची होताच माजावर येते, चारा भरपूर असेल तर सहा-सात महिन्यांचीसुद्धा, आणि पूर्ण वाढलेली मादी सहसा जुळी पाडसे देते. मिशिगनमधल्या जॉर्ज राखीव क्षेत्रात १९२८ साली कुंपणाच्या आत २ नर आणि ४ माद्या अशी ६ हरणे सोडली होती. पाच-सहा वर्षांनी हाका घालून मोजणी केली तेव्हा ती १६० भरली.

अशा संख्येचे जंगलावर काय होते, हे पेनसिल्व्हेनियाच्या ॲलेगनी भागात दहा वर्षे चाललेल्या प्रयोगाने दाखवले. कुंपण घातलेल्या तुकड्यांत दर चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० अशा घनतेने हरणे ठेवली गेली. सर्वांत दाट तुकड्यांत झाडांची रोपे वर यायचीच थांबली आणि मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती चतुर्थांशाहून अधिक घटल्या. उपद्रव दिसू लागला तो २० च्या वर. पूर्वेकडच्या अनेक उपनगरांत याच्या कितीतरी पट हरणे आहेत. जंगल वरून हिरवे दिसते, पण त्याच्या खाली पुढची पिढीच उगवत नाही. शिवाय हरणांशी होणारे वाहनांचे अपघात वर्षाला दहा लाखांहून अधिक, आणि त्यात माणसेही मरतात.

संख्या स्थिर ठेवायची तर दरवर्षी साधारण एक तृतीयांश प्रौढ माद्या कमी कराव्या लागतात. नर मारून जवळपास काहीच साधत नाही, कारण उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिकाऱ्याला मात्र शिंगे हवी असतात. विस्कॉन्सिनने यावर नियम केला होता की आधी एक बिनशिंगी हरीण मारून दाखवा, मगच शिंगाळा नर मारण्याची मुभा. संख्या आटोक्यात आणायला तो उपयोगी होता. पण शिकाऱ्यांनाच तो इतका खुपला की २०११ मध्ये विधिमंडळाने तो काढून टाकला.

‘शिकारी कमी झाले तर उरलेले जास्त मारतील’ असे म्हटले जाते. तसे होत नाही, आणि कारण घरातल्या शीतपेटीत आहे. ६०-६५ किलोच्या मादीतून हाडांविना २० ते २५ किलो मांस निघते. एका कुटुंबाला वर्षाला एक-दोन हरणे पुरतात. पेटी भरली की माणूस परवाना शिल्लक असूनही थांबतो. त्यामुळे किती हरणे मारली जातील हे मुख्यतः किती माणसे रानात उतरली यावर ठरते. जादा मांस अन्नछत्रांना देण्याच्या योजना आहेत, पण कापून-बांधून देणाऱ्या खाटकाची मजुरी कुणीतरी भरावी लागते. त्यात शिशाचा प्रश्न. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांब मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या मांसात असे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते टाकून द्यायला सांगितले गेले. तांब्याची गोळी फुटत नाही, पण महाग पडते. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसे बंद केले, कारण मेलेल्या जनावरावर जगणारी काँडोर गिधाडे त्या कणांनी मरत होती. इतरत्र शिकारी संघटना अजून याला विरोध करतात. जनमत हातातून निसटत असताना विषारी गोळीसाठी भांडणे, याहून मोठे आत्मघातकी धोरण मला दिसत नाही.

न मारता संख्या आवरण्याचे उपाय करून पाहिले गेले आहेत. कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या परिसरातल्या माद्यांच्या गर्भनलिका बांधल्या. पाडसे कमी झाली, पण संख्या हटली नाही. गर्भ न राहिल्याने माद्या हिवाळाभर पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि त्या वासाने आजूबाजूचे नर परिसरात गोळा झाले. दर मादीमागे हजार डॉलरच्या वर खर्च येतो. न्यूयॉर्क शहराने २०१६ पासून स्टेटन बेटावर नरांची नसबंदी हाती घेतली. चहूबाजूंनी पाणी असल्याने तिथे ती काही प्रमाणात साधली, पण खर्च दशलक्षांच्या घरात गेला, आणि खाडी पोहून येणारे नर पूर्ण थांबत नाहीत. गर्भरोधक लस टोचायला हरणाच्या जवळ जावे लागते आणि काही काळाने पुन्हा टोचावी लागते. बंदिस्त बागेत, छोट्या बेटावर हे जमते. खुल्या रानात जमत नाही.

मग पगारी नेमबाज? तो मार्ग चालतो. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा प्रांताने १९७४ साली लोकमताने हौशी शिकार पूर्ण बंद केली, ती आजही बंद आहे. हिवाळ्यात सरोवरावर बदके निर्धास्त उतरतात. पण रानडुकरे वाढली तेव्हा गोळी घालावीच लागली. ते काम प्रांताचे पगारी रक्षक करतात. रात्री, अंधारात पाहण्याच्या उपकरणांनी, ठरलेल्या जागी. शेतकऱ्याला नुकसानभरपाई सरकार देते. २८० चौरस किलोमीटरच्या श्रीमंत प्रांताला हे परवडते आणि तिथल्या लोकांनी ते डोळसपणे स्वीकारले आहे. जिनिव्हाचा मला आदर वाटतो तो या प्रामाणिकपणासाठी. ‘मारणे बंद’ असे तिथे कुणी म्हणत नाही. कुणी मारायचे, कशासाठी आणि कुणाच्या पैशाने, एवढेच त्यांनी बदलले.

अमेरिकेत प्रमाण वेगळे आहे. पगारी नेमबाजाकडून एक हरीण मारून घ्यायला काही शे डॉलर लागतात. शिकारी दरवर्षी लाखोंनी हरणे मारतात आणि वर खात्यालाच पैसे देतात. शिवाय पगारी नेमबाजालाही जनमताचा आधार लागतो, हे हरणांच्या झिजरोगाने शिकवले. हा रोग प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो. त्यावर औषध नाही, लस नाही, आणि प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतो. २००२ साली तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला. बाधित भागातली हरणे मोठ्या प्रमाणात मारून रोग खणून काढायचे ठरले, पण जमीनमालक आणि शिकारी दोघांनीही साथ सोडली आणि २००७ च्या सुमाराला मोहीम गुंडाळली गेली. शेजारच्या इलिनॉयने नेमक्या जागी, हिवाळ्याच्या अखेरीस, सरकारी नेमबाजांकडून मर्यादित हरणे मारणे वर्षानुवर्षे नेटाने चालू ठेवले. इलिनॉयमध्ये रोगाचे प्रमाण बराच काळ खाली राहिले. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात काही ठिकाणी आज प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाधित आहेत. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित मांस खाऊ नका असा सल्ला आहे. घशामागच्या लसिकाग्रंथींचा नमुना द्यायचा, निकालाची वाट पाहायची, मेंदू आणि पाठीचा कणा बाधित भागाबाहेर न्यायचा नाही. एवढ्या सोपस्कारांनी आणखी काही शिकारी गळतात. आता हा रोग ३० हून अधिक राज्यांत आहे.

जनमत नेमके कशावर उठते, हेही पाहायला हवे. पाहण्यांत सातत्याने दिसते की मांसासाठी केलेल्या शिकारीला बहुसंख्य अमेरिकनांची हरकत नसते, आणि भिंतीवर डोके टांगण्यासाठी केलेल्या शिकारीला बहुसंख्यांचा विरोध असतो. २०१५ च्या जुलैत झिंबाब्वेत एका अमेरिकन शिकाऱ्याने बाणाने घायाळ करून मारलेल्या सेसिल सिंहाने जगभर जो संताप उसळवला, त्याचे मूळ इथेच होते. अधिकाधिक कोयोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी) मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा, आमिष ठेवून अस्वलाला टिपणे, कुत्र्यांनी झाडावर चढवलेल्या प्यूमाला खालून गोळी घालणे, या प्रकारांत जंगल राखणे किंवा घरात मांस आणणे हा मुख्य हेतू क्वचितच असतो. शिकाऱ्यांनी ते स्वतःहून सोडून द्यायला हवे होते. त्याऐवजी त्यांच्या संघटनांनी शिकारीचा हक्क राज्यघटनांत लिहून घेण्याची मोहीम काढली. आज वीसहून अधिक राज्यांत तो लिहिलेला आहे, २०२४ मध्ये फ्लोरिडानेही तो स्वीकारला. घटनेतल्या कलमाने बंदी लांबवता येते. नवा शिकारी त्यातून जन्माला येत नाही आणि शेजाऱ्याचे मन वळत नाही.

न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे तिथले उदाहरण अनेक मराठी घरांना जवळचे वाटेल. काळ्या अस्वलांची शिकार थांबवण्याचे आश्वासन देऊन आलेल्या राज्यपालांच्या काळात ती आधी सरकारी जमिनींवर बंद झाली आणि २०२१ साली राज्यभर झालीच नाही. कचऱ्याचे डबे अस्वल-प्रतिबंधक करणे, पक्ष्यांचे दाणे उघड्यावर न ठेवणे, हे उपाय बोलले गेले तितके अमलात आले नाहीत. तक्रारी वाढल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याच राज्यपालांच्या संमतीने शिकार परत आली. बंदीआधी डबे बदलले असते, तर कदाचित ती टिकली असती.

पर्याय उभा न करता बंदी आणली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्याकडे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपवली. निर्णय योग्यच होता. वन्यजीवांची तेव्हाची अवस्था पाहता तो आणखी आधी व्हायला हवा होता. पण रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी पीक फस्त केले तर काय, याची व्यवस्था कागदावरच राहिली. कलम ११ खाली परवानगी मिळते, कलम ६२ खाली केंद्र ठरावीक भागापुरता आणि मुदतीपुरता प्राणी उपद्रवी ठरवू शकते. परवानगी हातात आली तरी बंदूक कुणाकडे आहे, नेम कुणाला येतो, रात्री जखमी डुकराच्या मागावर कोण जाणार, याचे उत्तर त्या कागदात नसते. कोकणात पीकसंरक्षणाचे बंदूक परवाने जुन्या माणसांच्या नावावर आहेत, विदर्भात बहुतेक गावांत तेही नाहीत.

ही जागा तारेने भरली. झटका यंत्राची तार सेकंदाला साधारण एकदा क्षणभराचा ठोका देते. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. थेट खांबावरून आकडा टाकून सोडलेल्या २३० व्होल्टच्या विजेत मात्र स्नायू आखडतात आणि जनावराला तारेपासून सुटता येत नाही. तिच्यात डुक्कर मरते, तसाच वाघ मरतो, आणि पहाटे पाणी धरायला गेलेला शेतकरीही मरतो. ही शिकारच आहे. फक्त तिला ऋतू नाही, मोजदाद नाही, मादी-पिलू असा भेद नाही आणि कुणी जबाबदार नाही. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. पुढच्या हंगामात किती मारायच्या, कुणी मोजायच्या, यावर बोलणे झालेच नाही. केरळने २०२२ पासून रानडुक्कर मारण्याच्या परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला, परवानाधारक नेमबाजांची यादी केली, विष, स्फोटके आणि वीज यांना मनाई केली आणि मेलेले जनावर पुरून टाकण्याची अट घातली. मांसाचा बाजार उभा राहिला की परवानगी कुठे संपते आणि चोरटी शिकार कुठे सुरू होते हे कळत नाही, म्हणून ही अट मला योग्य वाटते. तिथेही अडचण नेमबाज मिळण्याचीच आहे. महाराष्ट्राला हौशी शिकार परत नको. वनखात्याच्या पगारावरचे, प्रशिक्षित, प्रत्येक गोळीचा हिशेब देणारे पथक हवे, निदान ज्या तालुक्यांत पीकनुकसानीचे पंचनामे सर्वाधिक होतात तिथे तरी.

अमेरिकेकडे अजून वेळ आहे, आणि पैशाच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्याच एका राज्याने शोधून ठेवले आहे. मिसुरीने १९७६ साली राज्यघटना दुरुस्त करून विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर घातली आणि ती थेट संवर्धन खात्याला दिली. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट, शिकारी असो वा शाकाहारी. त्या खात्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न यातून येते, म्हणून तिथे शिंपल्यांसाठीही माणसे नेमता येतात. आर्कान्साने १९९६ मध्ये हाच मार्ग धरला, मिनेसोटाने २००८ मध्ये आणखी मोठा कर लावला. तिन्ही ठिकाणी मतदारांनी स्वतः होकार दिला. देशपातळीवर मात्र वन्यजीवांसाठी वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलर देणारे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. पैसा कुठून आणायचा यावर एकमत झाले नाही.

कोलोरॅडोत २०२४ च्या नोव्हेंबरात प्यूमाच्या शिकारीवर बंदी आणण्याचा, नागरिकांनी सह्या गोळा करून मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव सुमारे ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी फेटाळला गेला. तो पुन्हा येईल, दुसऱ्या राज्यांतही येईल, आणि एक दिवस हरणांपर्यंत पोचेल. तेव्हा सह्या गोळा करणाऱ्यांनी त्याच मसुद्यात आणखी तीन कलमे लिहावीत. पहिले, परवान्यांचे बुडणारे उत्पन्न आणि त्यामागचे केंद्राचे पैसे भरून काढणारा, सगळ्यांवर बसणारा कर. दुसरे, संख्या आवरण्याचे काम करणारे पगारी पथक, त्याचा वार्षिक खर्च आकड्यात लिहून. तिसरे, हरणांची घनता दर चौरस मैलाला किती ठेवायची ते आणि ती दरवर्षी कोण मोजणार ते. या तीन कलमांसह मसुदा आला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. नुसती बंदी आली तर विरोधात.